मैदानातली मेढ

खोडाळ्याच्या माळावर फुटबॉलचं स्टेडियम झालं, तेव्हा भिकाला त्यातलं एकच काम पटलं. पायऱ्यांवर सावली नव्हती, नळाला पाणी नव्हतं आणि दोन टोकांना बिनदाराच्या चौकटी कशाला उभ्या केल्या, ते देव जाणे. पण मधोमध चुन्यानं आखलेलं ते गोल खळं! मळणीचे बैल जिच्याभोवती फिरतात ती मेढ रोवायच्या जागी ठिपकासुद्धा दिलेला. सरकारला शेतीतलं काहीतरी कळलं म्हणायचं!

सामन्याच्या सकाळी लक्ष्मण गुरुजी संघ घेऊन आले. बघतात तर वर्तुळ शेणानं सारवलेलं, ठिपक्यावर हळद-कुंकू लावलेली मेढ आणि तिच्याभोवती नागली तुडवत फिरणारे भिकाचे बैल.

"उपट ती आधी!" गुरुजी ओरडले.

"पुजलेली मेढ मळणी संपल्याबिगर उपटत्यात का, गुरुजी?" भिका भडकला.

रीत गुरुजींच्या घरीही तीच होती. त्यांनी निमूटपणे दोन्ही संघांना मळणीला जुंपलं. दुपारी नागली पोत्यात गेली, मेढ निघाली आणि सामना सुरू झाला.

पायरीवर बसलेल्या भिकाचं लक्ष मात्र चौकटींसमोरच्या अर्ध्या वर्तुळांकडे होतं.

"गुरुजी," तो मायेनं म्हणाला, "चुना संपला व्हता तर सांगायचं. ती दोन खळी मी पुरी करून दिली असती."