कडीला लावलेली टेप

आदल्या संध्याकाळी आई शाळेच्या गणवेशांच्या कॉलरी शिवत होती. दहा कॉलरी, एकेकीला पंधरा मिनिटं. शेवटची झाल्यावर तिने दोरा दातांनी तोडला, गठ्ठा मशीनशेजारी ठेवला आणि जाहीर केलं की उद्या ती राणी, उद्या सुईला हात लावणार नाही. मी पुस्तकातून मान वर न काढता "बरं, राणीसाहेब" म्हटलं. बाबा पहाटेच्या पाळीचा डबा पुसत होते. ते म्हणाले, राणीला पाचला उठून चहा करावा लागेल. एवढंच. त्या दिवसातलं आणखी काही आठवावं म्हणून मी पुष्कळ खटपट केली. नाही आठवत.

चाळीस वर्षं मशीनवर वाकून आईचा उजवा खांदा कानाला लागायला आला होता. डॉक्टर म्हणाले, योग करा. कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी वाचनालयात काम करते, त्यामुळे आधी तीन पुस्तकं वाचली आणि मग आईला घेऊन वर्ग शोधत हिंडले. पहिला वर्ग व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर होता. सगळी विशीतली पोरं, आणि शिकवणारा कवायतीसारखा ओरडायचा. दोन दिवसांनी आई म्हणाली, हे माझ्या मापाचं नाही. दुसऱ्या ठिकाणी एक गृहस्थ श्वासावर तासभर बोलायचे. तेवढ्या वेळात आईने मनातल्या मनात त्यांच्या शर्टाचा खांदा उसवून नीट बसवला होता. मग फोनवरचे व्हिडिओ झाले. चष्मा सापडेपर्यंत फोनमधली बाई पुढच्या आसनावर गेलेली असायची.

चौथ्या वर्गातल्या बाई साठीच्या होत्या. त्यांनी आईचा खांदा लांबूनच पाहिला आणि तिला पाठीवर झोपवून तिच्या पोटऱ्या खुर्चीवर ठेवायला लावल्या. डोळे मिटायचे, वीस मिनिटं. दारावरची बेल वाजली तरी उठायचं नाही.

"म्हणजे नुसतं पडायचं?" आईने विचारलं.

"पडायचं सगळ्यांना येतं. पडून राहायचं."

आईला ते लागू पडलं, पण खांद्यासाठी नव्हे. आमच्या घरात कुणीही केव्हाही शिरायचं. काकू, एवढं बटण लावून द्या. काकू, ही चेन अडकली. आयुष्यात कुणी तिला वीस मिनिटं दिली नव्हती, ती तिने आता स्वतः घेतली. ती रोज आठ वाजता आतल्या खोलीत जायची, दार लोटायची आणि बाहेरच्या कडीला मोजायची टेप अडकवायची. टेप असली की हाक नाही. एकदा मी गॅसवाला आला म्हणून हाक मारली, तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बाबा पंपिंग स्टेशनवर यंत्रांचे काटे बघायचं काम करायचे. हुकूम पाळणं त्यांच्या हाडात मुरलेलं. सुट्टीच्या दिवशी टेप दिसली की ते बाहेरच्या खुर्चीवर बसून राहायचे, पेपरचं पानसुद्धा उलटायचे नाहीत.

त्या दिवशी बाबा साडेपाचला गेले. आठ चाळीसला मी निघाले तेव्हा टेप कडीला होती. एरवी आई एवढ्यात उठलेली असायची. दाराच्या फटीतून मला ती दिसली. एक पाय खुर्चीवरून घसरून खाली आला होता. तोंड उघडं होतं आणि ती घोरत होती. आई कधी घोरत नसे. मला वाटलं, चला, अखेर हिला गाढ झोप लागली. मला हसूही आलं. किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरल्या आणि चपला जिन्यात जाऊन घातल्या.

साडेबाराला बाबा आले. टेप पाहिली. हात धुतले, ताट वाढून घेतलं आणि बाहेरच्या खुर्चीवर बसून जेवले, आवाज न करता. दीडपर्यंत थांबले. मग दार उघडलं.

डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि काही तास झाले असावेत, मेंदूत रक्तस्राव असावा, असं सांगितलं. काही तास म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही. मला मात्र मावशीने विचारलं, तू निघालीस तेव्हा कशी होती? मी म्हटलं, मशीनवर बसली होती. दहा कॉलरी संपवून मग पडते म्हणाली. हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज बाहेर पडलं की माझं मलाच खरं वाटलं. कॉलरींचा गठ्ठा तिथेच होता. त्या आदल्या संध्याकाळीच झाल्या होत्या, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. तिघांतली आई गेली होती, आणि त्या संध्याकाळी डबा पुसत बसलेल्या बाबांना ते आठवत नव्हतं.

बाबांनी हिशोब मांडला. दहा कॉलरी, अडीच तास. म्हणजे सव्वाअकरा. मग तिने पाणी प्यायलं असेल, केस बांधले असतील. साडेअकराला पडली असेल. "काही तास" हे डॉक्टर आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलले, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी जेवत होतो तेव्हा ती जिवंत होती, ते म्हणायचे. मावशीने तेराव्या दिवसाचीही वाट पाहिली नाही. बायको आत मरते आहे आणि नवरा दारात बसून भात कालवतो आहे, असं ती चार माणसांत बोलली. बाबांनी मान खाली घातली. मी ताटं उचलत होते, ती उचलत राहिले.

पुढे मी वाचनालयात एक वैद्यकीय पुस्तक काढून त्या घोरण्याबद्दल वाचलं. ती झोप नसते. पुस्तक मी मिटलं आणि जागेवर ठेवलं, बरोबर क्रमांकावर.

चार महिन्यांत बाबा वाळून गेले. रक्तदाब चढला, झोप उडाली. त्यांच्या डॉक्टरांनीही योगच सांगितला, आणि मी पुन्हा वर्ग शोधायला निघाले, यावेळी बापाला घेऊन. व्यायामशाळा नको, व्याख्यान नको. फिरून त्याच साठीच्या बाईंकडे आलो. बाबांना सगळं जमायचं. ते वाकायचे, पीळ द्यायचे, श्वास मोजायचे. मात्र शेवटी सगळे आडवे झाले की ते उठून भिंतीला टेकून बसायचे आणि एकेकाचं पोट बघायचे. वर येतंय का, खाली जातंय का. पाळीवर असल्यासारखे.

बाईंनी तीन आठवडे चालवून घेतलं. मग एका सकाळी एक वयस्क बाई खरोखरच झोपी गेल्या आणि घोरायला लागल्या. बाबा रांगत त्यांच्यापाशी गेले. त्यांनी नाकासमोर हात धरला, मग दोन्ही खांदे धरून त्यांना हलवलं. त्या दचकून किंचाळल्या. सगळा वर्ग उठून बसला. बाबा म्हणत राहिले, माफ करा, बघत होतो, फक्त बघत होतो.

बाहेर पडताना बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या चांगल्या होत्या, त्यामुळे त्यांना बोलायला वेळ लागला. बाबांनी घरीच काहीतरी करावं, त्यांना झेपेल असं, एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर बाबा आईच्या मशीनच्या स्टुलावर बसले. पायातले बूटही काढले नव्हते.

"मला नको आता आणखी वर्ग शोधूस," ते म्हणाले. "माझ्या जोगा योग नाही कुठे. डोळे मिटले की ते ताट दिसतं. भात कालवत होतो मी, पोरी. मध्ये दार होतं फक्त. एक हाक मारली असती तर."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती. मी गप्प राहिले तर ते हे दार उरलेलं आयुष्यभर बघणार होते. बोलले तर माझ्याकडे बघणार होते. दुसरी नाडी सुटेपर्यंत मी थांबले.

"बाबा, मी खोटं बोलले होते. आई मशीनवर नव्हती. कॉलरी आदल्या दिवशीच झाल्या होत्या. आठ चाळीसला ती आत पडलेली होती, पाय खुर्चीवरून घसरला होता, आणि घोरत होती. मी फटीतून पाहिलं आणि हसले. चपला हातात घेऊन गेले. तुम्ही आलात तेव्हा ती केव्हाच गेली होती. मी निघाले तेव्हा होती."