समोरच वाजणारा खुळखुळा

“अगं, छकुलीचे कान एकदा डॉक्टरांना दाखवून घे. मागून वाजवलं तर मान वळवत नाही ही.”

छकुलीची आत्या हे म्हणाली, तेव्हा तिच्या हातात मीच होतो. मित्रांनो, मी एक जुना लाकडी खुळखुळा आहे. एका सुताराने खुर्चीच्या मोडक्या पायातून मला घडवले आणि माझ्या पोटात वाळक्या बिया भरल्या. माझ्या दांड्यावर दातांच्या खुणा आहेत, त्या छकुलीच्या बाबांच्या. ते मोठे झाले आणि मी त्यांच्या लेकीकडे आलो.

“तंद्री लागते हो ताई तिची. बापावर गेलीय!” छकुलीची आई हसली आणि विषय तिथेच संपला.

पण मनातून संपला नव्हता. रोज सकाळी ती मला छकुलीच्या डोळ्यांसमोर नाचवायची. छकुली खुदकन हसायची. “येतंय की ऐकू!” आई स्वतःशीच म्हणायची. छकुली मला पाहून हसत होती, हे तिलाही कळत असावे. म्हणून तर ती मला कधी पाठीमागे नेत नसे.

दवाखान्यात जायचे ठरले की घरात कामांना ऊत येई. पंखे पुसले जात, बरण्या घासल्या जात. मग “आता उशीर झाला, उद्या बघू.” आणि संध्याकाळी, “कसली आई मी! एक साधं काम होत नाही.” ती स्वतःला जितका बोल लावी, तितके माझ्याकडे पाहणे तिला जड जाई. शेवटी तिने मला मोज्यांच्या खणात टाकले. बाहेर शेजारचे बाळ ‘बाबा’ म्हणू लागले. छकुली गप्पच होती.

आत्या पुन्हा घरी आली, तेव्हा छकुलीचे मोजे शोधताना मी तिच्या हाती लागलो. आईला रडूच फुटले.

“ताई, आळशी आहे मी.”

“आळशी? पंख्यात तोंड दिसतंय तुझ्या! घाबरलीयेस तू.”

“डॉक्टरांनी नको ते सांगितलं तर?”

“तर दोघी मिळून ऐकू. तुझी मैत्रीण अशी घाबरली असती, तर तिला इतकं बोलली असतीस?”

“छे!”

“मग स्वतःलाच का? आज कुठे जायचं नाही. नुसता फोन कर. मी बसते शेजारी.”

फोन करताना आईने मला मुठीत धरले होते. हात थरथरत होता, म्हणून मी वाजत होतो. या वेळी ती स्वतःवर चिडली नाही. “भीती वाटतेय मला,” एवढे म्हणाली आणि तिने तपासणीची वेळ घेतली.

तपासणीत कळले, छकुलीला कमी ऐकू येत होते. आता तिच्या दोन्ही कानांना चिमुकली यंत्रे आहेत. ती लावून घरी आल्यावर आईने मला प्रथमच तिच्या पाठीमागे नेले आणि हलकेच हलवले.

छकुलीने मान वळवली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी एखादे काम सारखे उद्यावर ढकलत असेल. “झालं का?” हे त्यांना सगळेच विचारतात. तुम्ही जवळ बसा आणि विचारा, “कशाची भीती वाटतेय?” आजच विचाराल ना?