कोरसमधला जमनाचा आवाज

कोरसचा इतिहास लिहायचा म्हणे, आणि तोही दोन पानांत! आमच्या वाद्यवृंदाला पस्तीस वर्षं झाली म्हणून आता वृंद चालवणारा दर्पण स्मरणिका काढतोय. व्हायोलिनवाल्यांना दहा पानं, बासरीला चार, कोरसला दोन. "अर्चनामावशी, जुन्यांतल्या तुम्हीच उरल्यात, तुम्हीच लिहा," म्हणाला. उरल्यात! जशी काय मी बरणीच्या तळाचं लोणचं.

बसले लिहायला. तात्या मास्तरांनी बोईसरच्या एका शाळेत पहिली तालीम घेतली तेव्हा आम्ही अकरा जणी होतो. कुणी माझ्यासारखी कारखान्यात पॅकिंगला, कुणाचा नवरा वीजकेंद्रात, आणि एकटी जमना शिरगावची, बाजारात सुकी मासळी विकणारी. तिच्या अंगाला बोंबलांचा वास येतो म्हणून शेजारी कुणी उभं राहीना, तर तात्यांनी मला उभं केलं. पहिल्या दिवशी मीही नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू? पण तिनं तोंड उघडलं आणि मी वास विसरूनच गेले.

कार्यक्रमपत्रिकेत वाजवणाऱ्यांची एकेकाची नावं छापायचे आणि शेवटी नुसतं 'कोरस'. मी चिडायचे. जमना हसायची. "नावाचा काय करतेस? आवाज तर आपलाच हाय ना!"

लांब सुरात सगळ्यांनी एकदम श्वास घेतला की सूर तुटतो. म्हणून तात्यांनी आमच्या जोड्या लावल्या होत्या. वरचा सूर आम्हा दोघींचा; जमनानं श्वास घेतला की मी तो धरायचा, मी घेतला की तिनं. एकवीस वर्षं आम्ही एकमेकींकडे न बघता हे केलं. माझ्या नवऱ्याला माझं एवढं कधी कळलं नाही.

२०१० साली पालघरला रेकॉर्डिंग ठरलं. पस्तीस वर्षांतलं तेवढं एकच. त्याच्या तीन महिने आधी जमनाच्या गळ्याची गाठ काढली होती आणि आवाज पार घोगरा झाला होता. तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला उभी राहू दे, पण गाऊ नको म्हणावं. तू सांग, तुझं ऐकेल." मी सांगितलं. तात्यांना नाही म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि खरं सांगू, रेकॉर्डिंग झकास व्हावं असं मलाही वाटत होतं. लाज वाटते आता. जमनानं माझ्याकडे बघितलं आणि "बरा," एवढंच म्हणाली. तीन तास ती माझ्या शेजारी उभी राहून नुसते ओठ हलवत होती.

नंतर ती तालमीला आली नाही. शिरगावला जाऊन तिची माफी मागायची, तर आज जाऊ, उद्या जाऊ करत मी चौदा वर्षं घालवली. गेल्या महिन्यात ती वारल्याचं बाजारात कळलं.

आणि काल दुपारी तिची मुलगी जागृती दारात उभी. डोळे रडून सुजलेले. "मावशी, आईचा एक पन व्हिडिओ नाय. आवाज म्हनून तुमचा तो गाना तेवढा हाय."

ठरवलं, सांगून टाकायचं. पोरीला कसं फसवायचं? पाणी दिलं, समोर बसले. "जागृती, तुला एक सांगायचंय गं."

"थांबा, आदी ऐका," म्हणत तिनं मोबाइलवर गाणं लावलं. लांब सूर आला तसा तिनं माझा हात घट्ट धरला. "इथं! आता आई श्वास घेते, बगा."

आणि खरंच, वरचा सूर किंचित तुटला, श्वास ऐकू आला. माझा श्वास. त्या दिवशी जोडीला सूर धरणारं कुणी नव्हतं, म्हणून तो तसाच उघडा पडलेला.

"मी शालेत व्हते तवा आईनंच दाखवला. बोलली, वरचा आवाज माझा. आता मी रोज लावते. तेवढा श्वास ऐकला ना, का वाटतं आई घरातच हाय."

म्हणजे जमनानं घरात काहीच सांगितलं नव्हतं. मी तिला गप्प बसवलं हेही नाही. लेकीला मांडीशी घेऊन माझा आवाज आपला म्हणून ऐकवताना तिला काय वाटलं असेल? मला रडू आवरेना. आणि ती पोर, जिची आई गेली ती, माझे डोळे पुसायला लागली!

"तुमी काय तरी सांगत व्हते ना?"

"हेच गं. वरचा आवाज जमनाचाच. तसा गळा आमच्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता." यातलं दुसरं वाक्य तरी खरं होतं.

"मग तसाच लिवा पुस्तकात. आईच्या नावासकट."

"लिहिते."

ती उठली. चपला घालता घालता थांबली. "आनि तुमचा कंचा आवाज, मावशी?"

"माझा नाही त्यात," मी म्हणाले. "माझा गळा बसला होता त्या दिवशी. मी नुसते ओठ हलवत होते."