दिवसाआडच्या गोळ्या

उपवासाच्या दिवशी दुपारी माझं डोकं मोठं मजेत असायचं. पाय जमिनीला लागतायत की नाही, कळायचं नाही. आतल्या खोलीत परातींमध्ये उकळलेलं पाणी गार होत ठेवलेलं असायचं, त्यावर खिडकीतला उजेड हलायचा, आणि तोच उजेड वर छतावर जाऊन डुलायचा. मी पडल्या पडल्या तो बघत राहायचे. झोप नाही, जागही नाही. भूक लागलेली असायची, पण ती दुसऱ्याच कुणाला तरी लागलीय असं वाटायचं. माझा नवरा अर्पित दुकानातून येऊन विचारायचा, "चेलना, ऐकतेयस का?" मी ऐकत असायचे, फक्त उत्तर द्यायचा कंटाळा यायचा.

वर्षीतप, हे जैनांचं मोठं व्रत, चालू होतं आमचं. वर्षभर एक दिवस उपवास, त्यात फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दोनदा जेवण. मग पुन्हा उपवास. शेवटी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसानं पारणं. आमचं म्हणजे माझं आणि मम्मीजींचं. माझ्या सासूबाईंना, मंजूबाईंना, लग्न होऊन एरंडोलला आल्यापासून हे तप करायचं होतं. दोनदा धरलं आणि दोनदा सुटलं. "सोबत असली की होतं गं," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मीच वैतागून म्हटलं, चला, मी करते तुमच्यासोबत. धर्म वगैरे नंतर आला. आधी मला त्यांचं टुमणं थांबवायचं होतं.

दिवाळीच्या साफसफाईत मानेवर हाताला गाठ लागली. उजव्या कानाखाली, बोराएवढी. दुखत नव्हती. दूध घालणाऱ्या झुंबरबाईंनी आधी पाहिली. "काय शे वं हाई, गयामा?" म्हणाल्या, गळ्यात हे काय गं, आणि कसल्याशा मुळीचा लेप लावायला सांगून गेल्या. अर्पित म्हणाला, दाढ किडली असेल. मी मोबाईलवर शोधलं, दोन ओळी वाचल्या आणि मोबाईल उशीखाली सारला. माझी परी तेव्हा नुकती बालवाडीत जायला लागली होती. मला फार भीती वाटली, खरं सांगते.

जळगावच्या डॉक्टर मेघा मॅडमनी मान चाचपली, तोंडात बॅटरी मारली. "गाठ दाताच्या दुखण्यानं येते, घसा सुजला की येते, थायरॉईडची असते, टीबीची असते, कॅन्सरचीही असते," त्या म्हणाल्या. "सुई घालून तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही." सुईचा रिपोर्ट आला तो टीबीचा. सहा महिने गोळ्या, की जाईल. मी तर देवाला हात जोडले. टीबी झाला म्हणून खूश होणारी बाई मॅडमनी पहिल्यांदाच पाहिली असणार.

घरी आल्यावर प्रश्न पडला उपवासाच्या दिवसाचा. त्या दिवशी पाण्याशिवाय काही चालत नाही, मग गोळ्या कशा घ्यायच्या? मम्मीजींनी चुटकीसरशी सोडवला. "अर्पित लहान असताना मलाही झाला होता की. सरकारी दवाखान्यातून दिवसाआडच गोळ्या मिळायच्या. बरी झाले ना? तुझ्या जेवणाच्या दिवशी घे." किती छान बसलं सगळं. एक दिवस तप, एक दिवस औषध. दवाखान्यातून फोन यायचा, गोळ्या घेताय ना? घेतेय, मी सांगायचे. त्यात खोटं काय होतं?

हिवाळा असाच तरंगत गेला. संध्याकाळी अंगात बारीक कसकस असायची, ती मी उपवासावर ढकलायचे. एकदा दुपारी स्वप्न पडलं की गाठ मानेवरून उतरून परातीतल्या पाण्यात गोल गोल फिरतेय, आणि मम्मीजी ती ओंजळीत घेऊन अंगणातल्या कडुनिंबाखाली ठेवून येतायत. मी उठले आणि आधी मानेला हात लावला. गाठ जागच्या जागी होती. मी दिवसेंदिवस वाळत चालले होते आणि उपाश्रयात साध्वींच्या दर्शनाला आलेल्या बायका म्हणत होत्या, तपाचं तेज आलंय हो सुनेला. मम्मीजी नुसत्या फुलायच्या.

लग्नसराईत दुकान सोडवेना, म्हणून जळगावला जायचं लांबलं. आखाजी तीन आठवड्यांवर आली तेव्हा गेलो, मम्मीजीही सोबत. गाठ आता सुपारीएवढी होती आणि तिच्या खाली दुसरी. मॅडम म्हणाल्या, "गोळ्या संपल्या असतील, पुढच्या लिहून देते."

"आहेत की पुष्कळ," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुष्कळ कशा राहतील?"

मग सगळं निघालं. मॅडम चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पूर्वी दिवसाआड देत, त्या म्हणाल्या, पण त्या गोळ्यांचं प्रमाण वेगळं होतं. आता रोज घ्यायच्या. असं अर्धंमुर्धं घेतलं की जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात, आणि मग हीच औषधं लागू पडत नाहीत. "पुन्हा तपासायला पाठवते. उद्यापासून रोज गोळ्या आणि रोज पोटभर जेवण. उपास बंद. मुलगी लहान आहे ना तुमची?"

उद्या उपवासाचा दिवस होता.

परतताना मी गाडीत खिडकीशी बसले. बाहेर ऊन पांढरंफटक पडलं होतं, केळीच्या बागा मागे सरकत होत्या, आणि मी मनाशी ठरवून टाकलं. इतकं वर्ष निभावलं, आता तीन आठवड्यांसाठी मोडू? मी मोडलं की मम्मीजीही डगमगणार, तिसऱ्यांदा सुटणार, आणि जन्मभर ते माझ्या माथी. पारणं होऊ दे, मग रोज घेईन. मी हट्टी आहे, माहेरी धुळ्यात कुणालाही विचारा.

सकाळी मी परातीपाशी बसले होते. पाण्यावर तोच उजेड, डोकं तेच हलकं. मम्मीजी आल्या. एका हातात गोळ्या, दुसऱ्या हातात शिऱ्याची वाटी. "आधी गोळ्या, थोड्या वेळानं हे."

"आज उपवास आहे."

"घे म्हणते ना."

"पारण्यानंतर घेईन, मम्मीजी. तुमचं तप अर्धवट राहायला नको."

घरात आम्ही मारवाडीत बोलतो, पण मम्मीजींना राग आला की तो मराठीतच येतो. आज तो आला नाही. त्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या, शिऱ्याचा घास उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. मी हात धरायला गेले, तोवर त्यांनी गिळलाही.

"हे काय केलंत तुम्ही?" मला रडूच फुटलं. "तुमचं कशाला मोडलंत?"

"सोबतीनं धरलं होतं," त्या म्हणाल्या. "दिवसाआड घे म्हणून मीच सांगितलं होतं ना तुला. आता माझा उपवास नाही. कुणासाठी उपाशी राहतेस?"

त्यांच्या ओठाला शिरा लागला होता, डोळे वाहत होते, आणि गोळ्यांचा हात त्यांनी मागे घेतला नव्हता. मी गोळ्या घेतल्या.