पान लागलं

चांगदेवला पान लागलं ते पहाटे, मिठागराच्या खोपीत. राखणीला गेलेला, चटईवर आडवा झाला होता. जाग आली तर उशाजवळून काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं लांबडं सरकत होतं. मण्यारीचा दंश दुखत नाही की सुजत नाही. तो आपल्या पायांनी घरी आला आणि बायकोला म्हणाला, "सगुणे, मना पान लागला गो."

शेवा गावाच्या बाजूला सापाचं नाव घेत नाहीत. दिसला तर जनावर म्हणायचं, चावला तर पान लागलं म्हणायचं. चावलेल्या माणसासमोर कुणी नाव उच्चारलं, की विष थेट डोक्यात चढतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

सासू म्हणाली, भगताला बोलवा. पण सगुणेचा बाप भगताचा पाला चावत चावतच गेला होता. ती कधी नव्हे ती सासूसमोर ताठ उभी राहिली. "यांना दवाखान्यात नेवाचा," म्हणाली. धाकट्या दिराने, हिरामणने, झोळी बांधली आणि दोघं चांगदेवला घेऊन शेजाऱ्यांचे खांदे बदलत बांधाबांधाने निघाले.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर नागपूरकडचा, नुकताच बदलून आलेला. भला माणूस. गोरगरिबांनाही अहो-जाहो करणारा.

"काय झालं हो?"

"पान लागलाय, डाक्टर."

डॉक्टरने पाहिलं. पापण्या मिटायला आलेल्या, जीभ जड, तोंड लालभडक. पान खाणं हे तर चांगदेवचं रोजचंच, लाली त्याचीच. त्यात ते दारूबंदीचे दिवस. खाडीकाठी झोकून आलेला जो तो पोलिसाच्या धाकाने सुपारी लागली नाहीतर पान लागलं, असंच सांगायचा. डॉक्टर गालातल्या गालात हसला.

"तंबाखूचं होतं का?"

सगुणा गोंधळली. "तंबाखू खातात की."

"मग लागणारच. लिंबूपाणी द्या, झोपू द्या. दुपारपर्यंत उतरेल."

उतरेल! भगतही विष उतरेल असंच म्हणायचा. सगुणेच्या जिवात जीव आला. तिने डॉक्टरला हात जोडले.

लिंबूपाणी ओठांच्या कडेने वाहून गेलं. चांगदेवला गिळता येईना. काही सांगायला गेला, आवाज फुटेना. सगुणा धावली. "डाक्टर, पानाचा विंजेक्शन द्या!"

"अहो बाई, पानाला कसलं आलंय इंजेक्शन?" तो म्हणाला, आणि कंपाउंडरकडे बघून त्याने अंगठा तोंडाशी नेला.

ती खूण बघून सगुणेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या बाबाला दारू वाटतेय!

"पेलं न्हाय ते! जनावर लागलाय, जनावर!"

डॉक्टर दचकून उठला. "जनावर? कुत्रं चावलं? की डुक्कर?"

सगुणेने नवऱ्याकडे पाहिलं. छाती हलतेय की नाही तेच कळेना. हिरामणला तिच्या मनातलं कळलं. त्याने तिच्या तोंडावर हात दाबला. "वयनी, नको गो! नाव नको घेऊ!"

तिने तो हात हिसडून टाकला आणि ओरडली, "साप! साप चावलाय यांना!"

डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला. कपाट उघडलं, कुप्या फुटल्या, सुई शिरेत गेली. तेव्हाच्या रीतीने चांगदेवला पालथं घालून तो बरगड्या दाबत राहिला, हात भरून आले तरी दाबत राहिला. पण त्या छातीत वारा शिरेना. चांगदेव गेला.

"आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टर म्हणाला. "औषध होतं हो माझ्याकडे. वाचला असता."

"दारातच सांगितला," सगुणा म्हणाली.

परतीच्या वाटेवर हिरामणने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. सगुणा झोळीमागून चालत होती. डॉक्टरचं खरं धरलं, तर तिने उशिरा तोंड उघडलं म्हणून नवरा गेला. हिरामणचं खरं धरलं, तर तोंड उघडलं म्हणून गेला. कसंही धरलं तरी बोट तिच्याकडेच येत होतं, आणि तिला रडूही फुटत नव्हतं.

अंगणात झोळी टेकली. सासूने लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. आकांत तिने नंतर केला. आधी मान वर करून एकच विचारलं, "तिथं नाव कोनी घेतला?"

हिरामण खाली बघत उभा राहिला.

"मी," सगुणा म्हणाली.