तपासणीपुरता तापलेला

मी एक जुना ओव्हन आहे. मित्रांनो, ओव्हन म्हटले की तुम्हाला केक आठवेल. माझ्या पोटात केक कधी गेला नाही. मी वेल्डिंगचे रॉड भाजतो.

तुम्ही विचाराल, लोखंडाचे रॉड भाजायचे कशाला? या रॉडवर एक लेप असतो आणि तो हवेतली ओल पितो. अशा ओल्या रॉडने जोड दिला की ओल वितळलेल्या लोखंडात शिरते. जोड वरून चकचकीत दिसतो. पण थंड झाल्यावर, एखाद-दोन दिवसांनी, तो आतल्या आत चिरतो. म्हणून रॉड आधी माझ्यात तापवायचे, मगच हातात घ्यायचे.

माझा जन्म जळगावच्या एका कारखान्यात झाला. तिथून टेम्पोत बसून मी धुळ्याला जितेंद्रशेठच्या वर्कशॉपमध्ये आलो. तिथले मुख्य वेल्डर कय्युमचाचा. सकाळी आल्यावर ते आधी मला चालू करत, मग चहा घेत. साखर कारखान्याच्या टाक्या झाल्या, तेलगिरणीचे पाइप झाले. कोणी चाचांच्या जोडाचे कौतुक केले की ते माझ्या दारावर थाप मारून म्हणत, "अर्धी कमाल याची आहे." ते माझे सुखाचे दिवस होते.

मग अणुवीज प्रकल्पाचे काम आले. प्रकल्प दूर, समुद्रकाठी. एका मोठ्या कंपनीने ते काम दुसरीला दिले, दुसरीने तिसरीला, आणि उतरत उतरत ते आमच्या वर्कशॉपात पोचले. जाड लोखंडी प्लेटा करायच्या, त्यांच्या पाठीला गज जोडायचे. त्या प्लेटा काँक्रीटच्या भिंतीत गाडतात आणि तोंडावर पाइप टांगतात. अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी त्या पाइपांतून जाते. शेठने पेढे वाटले. मीही मनातून फुगलो.

श्रावणाची झड लागली होती. भिंतींनाही घाम फुटला होता. माझी खरी गरज होती ती तेव्हा! आणि नेमके तेव्हाच शेठने माझे बटण बंद केले.

"हा तापणार कधी, रॉड भाजणार कधी? माल वेळेत गेला पाहिजे."

"शेठ, ओला रॉड आहे," चाचा म्हणाले.

"चाचा, प्लेट भिंतीत गाडली जाणार. कोण बघायला जातंय?"

चाचा तोच रॉड घेऊन कामाला लागले. माझ्या पोटात कामगारांचे ओले रेनकोट कोंबले गेले. ओल घालवणे हा माझा धर्म, आणि माझ्यातच ओल साठवली!

प्रकल्पाकडून तपासणीचे साहेब यायचे. येण्याआधी त्यांचा फोन यायचा. फोन आला की रेनकोट बाहेर, मला पुसून-पासून चालू. साहेब दाराला बोट लावायचे, "वा, गरम आहे" म्हणायचे, माझा फोटो काढायचे आणि शेठबरोबर जेवायला जायचे. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की मी बंद. मित्रांनो, मला भंगारात टाकले असते तर एवढे लागले नसते. त्यांनी माझ्या उबेलाच खोटे बोलायला लावले. आजही आठवले की माझा पत्रा तडतडतो.

पहिला ट्रक गेला. त्यानंतर नौशीन आली. धुळ्यातल्याच देवपूरची मुलगी, नुकतीच इंजिनिअर झालेली. मालाची गुणवत्ता बघायचे काम तिच्याकडे होते. तिने पहिल्याच दिवशी माझ्या दारावर हात ठेवला.

"चाचा, हा थंड कसा?"

चाचांनी माझे दार उघडून आतले ओले रेनकोट दाखवले. ती तशीच शेठकडे गेली.

"सर, हा माल दोन दिवस थांबून तपासायला हवा. चिरा उशिरा पडतात."

"ट्रक दारात उभा आहे. तुला शिकवायला नाही ठेवलंय."

दुसरा ट्रक भरायला सुरुवात झाली. भरणाऱ्यांत अमळनेरकडचा लोटन होता. साखळी घसरली आणि एक प्लेट फरशीवर आदळली. पाठीचा गज निखळून दूर गेला. लोटन ओरडला, "शेठ, हाऊ गज तं तुटी गया!"

"चाचा, वेल्डिंगचा टाका मारा परत. चला, लवकर."

चाचांनी तुटलेला गज उचलला. तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग डोक्यावरचे हेल्मेट काढून खाली ठेवले.

"नाही मारणार. हा आत्ता नाही तुटला, शेठ. आधीच चिरलेला होता. माझ्या हातचा आहे, मला कळतं."

नौशीनने तिथूनच प्रकल्पाच्या कार्यालयात फोन लावला.

"फोन ठेव!" शेठ गरजले. "इथल्या सगळ्यांच्या चुली यावर पेटतात."

"सर, ते पाणी बंद पडलं तर अणुभट्टी कशाने थंड करायची? तेवढं सांगा, ठेवते फोन."

प्रकल्पाच्या कार्यालयातून माल थांबवायचा हुकूम आला. ट्रक रिकामा झाला. दोन दिवसांनी तपासले तेव्हा प्लेटांमागून प्लेटा चिरलेल्या निघाल्या.

आणि पहिला ट्रक? ज्या प्लेटा अजून बसवल्या नव्हत्या, त्या परत आल्या. बाकीच्यांवर काँक्रीट पडले होते. नौशीन विचारत राहिली. प्रकल्पाकडून उत्तर आले, 'तपासणीत माल उत्तीर्ण आहे, भिंत फोडण्याचे कारण दिसत नाही.' कोणती तपासणी? माझ्या दाराला बोट लावले, तीच! त्या प्लेटा अजून त्या भिंतीत आहेत.

नौशीनची नोकरी गेली. चाचांचीही गेली. मला भंगारवाल्याकडे धाडले, तिथून चाचांनी सोडवून देवपूरच्या आपल्या छोट्या दुकानात आणले. नौशीन आता वेल्डिंग शिकणाऱ्या मुलामुलींना घेऊन मला दाखवायला येते.

मित्रांनो, मला पुसा, रंग द्या, असे मी सांगणार नाही. तुमच्यातला कोणी उद्या वेल्डर होईल, कोणी मालक, कोणी तपासायला येणारा साहेब. साहेब झालात तर आधी फोन करून येऊ नका. माझ्या दारावर हात ठेवा. मी गरम लागलो, तरी लगेच सही करू नका. काम करणाऱ्याच्या डोळ्यांत बघून एकच विचारा, "हा काल गरम होता का?"