आक्का उघडली का?

आमच्या हिने हॉलमध्ये समुद्र आणला, तेव्हा सोफा बाहेर गेला. मी बोंब मारली, पण माझं ऐकतंय कोण! भली मोठी काचेची टाकी आली. आत दगड रचले, मिठाचं पाणी भरलं, पंप लावले, निळे दिवे लावले, आणि बाईसाहेब नुसत्या पाण्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. "अगं, मासे कुठायत?" तर म्हणे, "आधी पाणी मुरू दे. घाई केली की मरतात बिचारे." येणारा-जाणारा विचारायचा, तेव्हा मी सांगायचो, "मासे लाजताहेत."

मग कधीतरी केशरी माशांची जोडी आली. त्यातली मोठी ती बायको आणि बारका तो नवरा, हे ती पाहुण्यांना माझ्याकडे बघत सांगायची. शेवटी आलं प्रवाळ. बोटाच्या पेराएवढा तुकडा होता, तो वाढून बशीएवढा झाला. दिवे लागले की त्याच्या झालरी उघडायच्या आणि जरा धक्का लागला की मिटून रुसून बसायचा. माझी थोरली बहीण अशीच, म्हणून मी त्याला आक्का म्हटलं. तेच नाव पडलं.

लेकीला बाळ झालं आणि ही तिकडे गेली. जाताना बजावून गेली, "रोज काचेवरच्या खुणेपर्यंत पाणी घाला. पांढऱ्या पिंपातलं." घरात पिंपं दोन. पांढऱ्यात गाळलेलं गोडं पाणी, निळ्यात मिठाचं. मी म्हटलं, गडबडीत चुकून बोलली असणार. समुद्रात कुणी गोडं पाणी ओततं का? मी आपला शहाण्यासारखा निळ्यातलं ओतत राहिलो.

तिचा फोन रोज संध्याकाळी यायचा. पहिला प्रश्न, "आक्का उघडली का?" मी जेवलो का, हे त्यानंतर. मला राग यायचा. म्हणायचो, "हो, तुझी आक्का ठणठणीत आहे, मी मेलो तरी चालेल." ती हसायची. मग बाळ रडायचं आणि फोन ठेवायची. त्यानंतर घर नुसतं खायला उठायचं. पंपाची घरघर तेवढी सोबतीला.

एक दिवस आक्का उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कडा पांढऱ्या पडायला लागल्या आणि माझं धाबं दणाणलं. खरं सांगतो, मला त्या प्रवाळाचं सोयरसुतक नव्हतं. आक्का गेली तर ही फोन कशाला करेल, ही धास्ती होती. संध्याकाळी विचारलंन तेव्हा मी म्हटलं, "उघडली की!" मग ती म्हणाली, "दाखवा बघू." मी म्हटलं, "कॅमेरा बिघडलाय." इतक्या वर्षांच्या बायकोला हे पचणार होय?

"अहो, खरं सांगा."

सांगितलं. तिने आधी कडांचा रंग विचारला. मग म्हणाली, "पाणी कुठल्या पिंपातलं घालताय?"

"निळ्या."

"देवा! अहो, टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. ते आतच राहतं. त्यात तुम्ही रोज आणखी मीठ घालताय!"

तोंडात मारल्यासारखं झालं. पण ती ओरडली नाही. "एकदम नका ओतू. एक मग खारं काढा, एक मग गोडं घाला. आणि मध्ये थांबा. मी दुपारी फोन करते."

दुपारी आला. सकाळीही यायला लागला. खारटपणा मोजायच्या डबीत काटा कुठे आहे, मोठी खातेय का, बारका कुठे लपलाय, सगळं विचारायची. मधेच बाळाचं सांगायची. एकदा तर बोलता बोलता जुन्या भाड्याच्या खोलीपर्यंत पोचलो, तिथल्या गळक्या नळापर्यंत. मी हातात पाण्याचा मग घेऊन टाकीपाशी बसलेला, फोन खांद्यात धरलेला. इतकं आम्ही एका घरात राहूनही कधी बोललो नव्हतो.

"एकदा ती उघडली ना, की सुटले बाई," काल म्हणाली. "इथं हा लबाड फोन धरू देत नाही. मग आपलं आठवड्यातून एकदा बोलू."

आज सकाळी दिवे लागले. मी चहा घेऊन समोर बसलो. आक्काची एक झालर हलली. मग दुसरी. बघता बघता सगळी बशी फुलून आली. कडांचा पांढरेपणा अजून होता, पण जिवंत होती. मोठी मासोळी येऊन तिच्यावर अंग घासून गेली, मागून बारका. मला भरून आलं. एवढ्या मोठ्या घरात हे सांगायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"आक्का उघडली का हो?"

मी टाकीकडे बघितलं. चांगली टम्म फुलली होती.

"नाही गं," मी म्हटलं. "अजून नाही."

"बरं, धीर सोडू नका," ती म्हणाली. "मी दुपारी करते फोन."